ट्रकवाल्याला तुम्ही दिसता का?

नाशिकच्या द्वारका चौकात सकाळी दहा मिनिटे उभे राहिले, तर आपल्या जिल्ह्याचा सारा संसार डोळ्यांपुढून जातो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता येथेच एकमेकांना भेटतात. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतला माल, सारे काही ट्रकवर लादून निघालेले असते. आणि त्याच गर्दीतून शाळेची रिक्षा, दुधाच्या किटल्या अडकवलेली मोटारसायकल, मागे लेकराला बसवून निघालेली एखादी आई वाट काढीत असते. ट्रक थांबले तर आपली बाजारपेठ थांबेल. तेव्हा ट्रकवाल्याला नुसती नावे ठेवून भागायचे नाही. त्याच्या शेजारून सुखरूप कसे जावे, हे आपण शिकून घेतले पाहिजे.

न शिकण्याची किंमत आपल्या शहराने मोजलेली आहे. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील मिरची चौकात, यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खाजगी बस आणि एक मालवाहू ट्रक यांची टक्कर झाली. बसने पेट घेतला आणि 12 माणसे गेली. 12 जानेवारी 2025 रोजी द्वारका भागातल्या उड्डाणपुलावर लोखंडी सळयांनी भरलेल्या ट्रकवर मागून एक टेम्पो आदळला. त्यातले अनेक तरुण घरी परतलेच नाहीत. दोष कोणाचा, ते ठरवणारे ठरवतील. आज मला तुमच्याशी एवढेच बोलायचे आहे, की यात आपल्या हातात काय आहे?

मी स्वतः वीस वर्षे स्कूटर चालवली. ट्रकच्या डाव्या अंगाने किती वेळा निसटलो असेन, गणती नाही. दर वेळी मनात एकच असे : एवढा उंच बसलेला माणूस, त्याला मी दिसलोच असेन! माझा हा भ्रम एका ओळखीच्या ड्रायव्हरने दूर केला. त्याने मला आपल्या उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये, चाकामागे बसवले आणि पुतण्याला मोटारसायकल घेऊन ट्रकभोवती फिरायला सांगितले.

पोरगा उजवीकडून गेला, तो आरशात स्वच्छ दिसला. मग मागे गेला आणि नाहीसा झाला. डावीकडे आला, तेव्हा क्षणभर आरशात चमकला आणि पुन्हा नाहीसा. ड्रायव्हर खालून विचारीत होता, “भाऊ, आता दिसतोय का?” मी म्हटले, “नाही बुवा.” “आणि आता?” “नाही.” मी खिडकीकडे वाकून पाहिले, तर पोरगा डाव्या दारालगत, अगदी पुढच्या चाकापाशी उभा! शेवटी तो ट्रकच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला, तर काचेतून त्याचे डोकेसुद्धा दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, “लोकांना वाटतं आम्ही बघत नाही. अहो, दिसतच नाही, तर बघणार काय?”

श्रोतेहो, आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. ट्रकच्या चारही बाजूंना अशा आंधळ्या जागा असतात. समोर, तोंडालगत; मागे, फाळक्यालगत; उजवीकडे थोडी; आणि सर्वांत मोठी डावीकडे. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, म्हणून डावी बाजू त्याच्यापासून सर्वांत दूर पडते. पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसे. दारावर थाप मारून तो सांगे, “येऊ द्या, येऊ द्या” किंवा “थांबा!” आता पुष्कळ ट्रकांवर ड्रायव्हर एकटाच असतो. डाव्या बाजूचे ते डोळे गेले, आणि आपण मात्र अजून डावीकडूनच घुसतो.

म्हणून एक साधी खूण ध्यानात ठेवा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसतो का? दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मग एक तर मागे राहा, नाही तर वाट मोकळी असेल तेव्हा उजवीकडून झटकन पुढे निघून जा. त्याच्या बरोबरीने, अंगाला अंग लावून चालू नका.

चौकात तर विशेष जपावे. लांब ट्रेलरला डावीकडे वळायचे असले, की तो आधी थोडा उजवीकडे जातो. आपल्याला वाटते, वा, डावीकडे जागा झाली! आणि आपण दुचाकी आत घालतो. ती जागा आपल्यासाठी झालेली नसते, त्याच्या वळणासाठी असते. वळताना ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती कोपरा कापून आतून जातात. मधे सापडलेल्या माणसाला मग सुटायला जागा उरत नाही. ट्रक वळू लागला, की मागे थांबा. अर्धे मिनिट गेले तर जाऊ द्या.

दुसरी गोष्ट अंतराची. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढी वाट सरलेली असते. त्यातून मोटारीपेक्षा भरलेल्या ट्रकला थांबायला कितीतरी अधिक जागा लागते. 2018 साली केंद्र सरकारने मोठ्या जोडवाहनांची एकूण वजनाची मर्यादा 49 टनांवरून 55 टनांवर नेली. म्हणजे पन्नासएक लहान मोटारींचे ओझे एकाच वाहनात! तेव्हा ट्रकला ओलांडून लगेच त्याच्यापुढे शिरू नका. ड्रायव्हरने पुढे मोकळी सोडलेली जागा रिकामी नसते, ती त्याच्या ब्रेकची जागा असते. ती तुम्ही घेतलीत, तर संकटात तो तुम्हाला वाचवू शकणार नाही.

तुम्ही त्याच्या मागे असाल, तर हिशेब सोपा आहे. ट्रकने एखादा खांब ओलांडला, की मनात सावकाश म्हणा : एकवीस, बावीस, तेवीस. तोवर तुम्ही खांबापाशी पोहोचलात, तर फार जवळ आहात. पावसात आणि रात्री हे अंतर दुप्पट ठेवा.

ट्रकच्या उजव्या दिव्यावरही भिस्त ठेवू नये. आपल्याकडे तो दिवा दोन भाषा बोलतो. एक ड्रायव्हर तो लावून म्हणतो, “या पुढे, रस्ता मोकळा आहे.” दुसरा म्हणतो, “मी उजवीकडे वळतोय.” तुमच्या पुढचा कोणती भाषा बोलतो आहे, हे तुम्हाला कसे कळावे? पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय ओलांडू नये, हेच खरे. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ असे रंगवण्यास महाराष्ट्रात 2015 साली मनाई झाली, कारण त्याने विनाकारण भोंगे वाजवण्याला उत्तेजन मिळते. भोंगा वाजवला म्हणजे वाट मिळाली, असे मुळीच नाही.

आपला जिल्हा घाटांचा. मुंबईकडे कसारा, मालेगावकडे जाताना चांदवडजवळचा राहूड. उतारावर भरलेला ट्रक सतत ब्रेक दाबत उतरला, की ब्रेकचे ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. जाणता ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरतो. एखादा डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो, आणि तिथे घात होतो. घाटात जळका वास आला, चाकांतून धूर दिसला, तर त्या ट्रकच्या पुढे राहू नका. जागा पाहून बाजूला थांबा, त्याला जाऊ द्या.

रात्री गोष्ट उलटी होते. दिवसा ट्रकला आपण दिसत नाही. रात्री बंद पडलेला ट्रक आपल्याला दिसत नाही. दिवा नाही, लाल पट्टी चिखलाने माखलेली. समोरून प्रखर झोत आला, की आपले डोळे काही क्षण आंधळेच होतात. अशा वेळी वेग इतकाच ठेवा, की आपल्या दिव्याच्या उजेडात गाडी थांबली पाहिजे.

ट्रकमालक आणि शेतकरी बांधवही हे भाषण ऐकत असतील. फाळक्याबाहेर डोकावणाऱ्या सळया नेण्याची सवलत 2014 सालीच काढून घेतलेली आहे. तेव्हा तसा माल भरूच नका. मागचे दिवे निघण्यापूर्वी पाहा आणि चकाकणारी पट्टी फडक्याने पुसा. कांद्याची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून अंधारात हमरस्त्यावर येते, तिलाही हेच लागू. दोन रुपयांचे फडके पुरते, त्याला मोठा खर्च नाही.

आणि एवढे करूनही कुठे अपघात दिसलाच, तर थांबायला भिऊ नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, 112 वर पोलिसांची मदत. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ते संरक्षण आले. आपले नाव सांगण्याची सक्तीसुद्धा तुमच्यावर करता येत नाही.

उद्या सकाळी तुम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघाल. द्वारकेला लाल दिवा लागेल आणि शेजारी एक भला मोठा ट्रक येऊन उभा राहील. तेव्हा मान वर करून त्याच्या आरशात पाहा. ड्रायव्हरचा चेहरा दिसला, तर ठीक. न दिसला, तर दोन पावले मागे व्हा. मागे लेकरू बसलेले असेल, तर त्यालाही हे शिकवा. घरी आपली वाट पाहणारे माणूस असते, तसे त्या ड्रायव्हरच्याही घरी असते. दोघांनीही संध्याकाळी आपापल्या घरी पोहोचावे, एवढ्यासाठीच हे सारे सांगितले.