नोटीस म्हणजे शेवट नव्हे

मुंबईत मध्यमवर्गीयाचे घर उभे राहते ते आयुष्यभराच्या काटकसरीतून. नोकरी जाते, आजारपण येते, हप्ते थकतात. ९० दिवस उलटले की कर्ज अनुत्पादित ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली नोटीस येते. लाजेपोटी ती कपाटात दडवली जाते. अनेक घरे जातात ती या मौनामुळे.

वास्तविक नोटिशीनंतर ६० दिवसांची मुदत असते. लेखी आक्षेप घेतल्यास, तो अमान्य करताना बँकेला १५ दिवसांत कारणे द्यावी लागतात. ताबा घेतला गेल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व देणे फेडले, तरच घर सोडवता येते.

म्हणून शेजाऱ्याच्या दारी नोटीस लागली, तर कुजबूज नको. त्याच्याजवळ बसून उत्तर लिहून देणारा माणूस हवा.