अडवलेलं कोण मोजतं?

आंबागडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. रोवणी आटोपली, कंबर अजून दुखतेच आहे, तरी तुम्ही रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी शाळेच्या संघात गोलकीपर आहे. तिनं एकदा आम्हाला लक्ष्मीकांत कट्टीमणी नावाच्या गोलकीपरची गोष्ट सांगितली आणि मोबाईलवर त्याचा खेळही दाखवला. त्या दिवशी आमची बैठक तासभर उशिरा सुरू झाली, पण ती गोष्ट डोक्यातून जाईना.

फुटबॉलच्या संघात अकरा जण खेळतात. दहा जण धावतात, एक जण गोलपाशी उभा राहतो. तो गोल 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच. एवढी मोठी जागा एकट्यानं राखायची. पुढच्या खेळाडूनं गोल मारला की सगळे त्याला खांद्यावर घेतात. गोलकीपरनं दहा वेळा चेंडू अडवला तर लोक म्हणतात, ते तर त्याचं कामच आहे. एक सुटला की मात्र सगळ्यांची बोटं त्याच्याकडे.

कट्टीमणी गोव्याचे, जन्म 1989 चा. वास्को, धेंपो, एफसी गोवा, हैदराबाद अशा संघांतून ते खेळले. खेळावर पोट असलेल्याचं असंच असतं. करार काही हंगामांचा, तो संपला की पुढे कोण घेईल ते बघायचं. आपली बायांची टोळी गुत्ता घेऊन एका गावची बांधी रोवते आणि दुसऱ्या गावाला जाते, तसंच हे. त्यातही गोलकीपरचं अवघड. संघात गोलकीपर दोन-तीन असतात, पण मैदानात जागा एकाचीच. बाकीच्यांनी बाहेर बसून वाट बघायची.

20 डिसेंबर 2015. मडगावचं फातोर्डा मैदान, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. कट्टीमणी गोव्याच्या गोलमध्ये, समोर घरचेच लोक. त्या सामन्यात त्यांनी पेनल्टीही अडवली. अगदी शेवटी गोवा 2-1 नं पुढे होता, कप हातात आल्यासारखाच. तेवढ्यात एक चेंडू कट्टीमणींकडूनच आपल्या जाळ्यात गेला. त्यांच्या नावावर स्वयंगोल लिहिला गेला. लगेच चेन्नईयिननं आणखी एक गोल केला आणि गोवा 3-2 नं हरला. अडवलेली पेनल्टी लोक विसरले, सुटलेला चेंडू लक्षात राहिला.

हे ऐकताना आम्हाला आमचीच एक ताई आठवली. सात वर्षं तिनं गटाची वही लिहिली. दर आठवड्याची बचत, कर्जाचा हप्ता, व्याज, सगळं. एका महिन्यात बँकेच्या पासबुकाशी ताळा करताना 1,400 रुपयांचा फरक निघाला. भर बैठकीत कुणीतरी म्हणालं, "पैसे गेले कुठं?" आणि सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. पैसे बँकेत होते. एकीचा हप्ता दुसरीच्या नावापुढे लिहिला गेला होता, एवढंच. पण तोवर तिनं वही अध्यक्षांच्या घरी पोहोचवली होती आणि बैठकीला येणं बंद केलं होतं.

बोलणारी एक होती, पण गप्प बसणाऱ्या आम्ही सगळ्या होतो. समन्वयकही गप्प होती. हे सांगताना लाज वाटते.

नंतर आम्ही जुन्या वह्या उघडल्या. एकदा बँकेत भरलेला हप्ता पासबुकात आलाच नव्हता. दोन चकरा मारून तो तिनंच नोंदवून आणला होता. एकीच्या कर्जावर व्याज जास्त लागलं होतं, तेही तिनंच पकडलं होतं. हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

आता कट्टीमणींची पुढची गोष्ट. त्या हारीनंतर त्यांनी हातमोजे खुंटीला टांगले नाहीत. पुढे 2019 साली ते हैदराबादच्या नव्या संघात गेले. तो संघ पहिल्या वर्षी शेवटच्या नंबरावर राहिला. तरी ते खेळत राहिले.

20 मार्च 2022. पुन्हा तोच अंतिम सामना, पुन्हा तेच फातोर्डा मैदान. या वेळी हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर निकाल लावायचं ठरलं. 36 फुटांवरून समोरचा चेंडू मारतो, मध्ये कुणी नाही, फक्त गोलकीपर. केरळनं चार वेळा चेंडू मारला, त्यातले तीन कट्टीमणींनी अडवले. त्यातला एक तर पंचांनी पुन्हा मारायला लावला, तोही त्यांनी पुन्हा अडवला. हैदराबाद 3-1 नं जिंकलं. जिथं सगळं हातातून गेलं होतं, तिथंच कप हातात आला.

मैत्रिणींनो, यात त्यांची हिंमत आहेच. पण आम्हाला दुसरी गोष्टही दिसली. 2015 नंतरही कुणीतरी त्यांना पुन्हा गोलमध्ये उभं केलं. उभंच केलं नसतं, तर हिंमत दाखवायची कुठं?

मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्याही गटाला चालतील, म्हणून सांगतो. बैठक उठायच्या आधी सगळा हिशेब मोठ्यानं वाचायचा. प्रत्येकीच्या पासबुकात नोंद त्याच बैठकीत करायची. लिहिणारी एक आणि तपासणारी दुसरी, दोघींच्याही सह्या. बँकेच्या पासबुकाशी दर महिन्याला ताळा. आणि वही लिहायला दरवर्षी आणखी एकीला शिकवायचं. गोलकीपरच्या पुढे राखण करणारे खेळाडू असतात. चेंडू थेट तिच्यापर्यंत पोहोचला, तर चूक एकटीची कशी?

आणखी एक. आरोप जिथं झाला, तिथंच तो मागे घ्यायचा. भर बैठकीत बोललेलं घरी जाऊन कानात पुसता येत नाही.

मागच्या मंगळवारी आम्ही पाच जणी ताईच्या घरी गेलो. तिनं चहा केला, इकडचं तिकडचं बोलली, वहीचं नावच काढलं नाही. निघताना आम्हीच विषय काढला. ती म्हणाली, "येते मी. पण पैसे सापडले होते, हे आधी ठराव वहीत लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या, मग मला बोलवा."

तिचं बरोबर होतं. या मंगळवारी तो ठराव पहिला वाचला गेला. अकरा सह्या झाल्या. बारावी तिची होती.

तुमच्याही गटात अशी एखादी वही लिहिणारी असेल. पुढच्या बैठकीत तिनं काय काय अडवलं, ते एकदा मोजा आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचा.