आधी तुमची फेक, मग चेंडूला भोकं

लंडनच्या ईलिंग बरोत, ॲक्टनला वेस्टर्न अव्हेन्यूलगत बोलिंगचं केंद्र आहे. मुलांच्या वाढदिवसाला जायचं, रॅकवरचा चेंडू उचलायचा आणि टाकायचा. तेवढ्यापुरतं ते छानच. पण ज्यांना हा खेळ मनापासून लागलाय आणि आता स्वतःचा चेंडू घ्यायचाय, त्यांच्याशी आज बोलायचं आहे.

नवा चेंडू बिनभोकांचा मिळतो. आत जड गाभा असतो आणि त्याचं टोक कुठे आहे, ते बाहेरच्या रंगीत ठिपक्यावरून कळतं. बोटांची भोकं या ठिपक्यापासून कुठे पाडायची, हे ठरवणं म्हणजे लेआउट. ते ठरतं तुमच्या फेकीवरून.

हातातून सुटलेला चेंडू एका आसाभोवती फिरतो, आणि त्या आसाचं टोक प्रत्येक खेळाडूचं वेगळं असतं. ते शोधायला चेंडूवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून तुम्हाला टाकायला सांगतात. तुकडा गरगरला, तर जागा चुकली. थोडा सरकवायचा, पुन्हा टाकायचा. सुटल्यासुटल्या तो एकाच जागी स्थिर दिसला, की टोक सापडलं.

ठिपका या जागेपासून सव्वातीन-साडेतीन इंचांवर आला, की चेंडूचा आस सर्वांत जास्त सरकतो. दर फेरीला चेंडूची नवी, तेल न लागलेली बाजू खाली येते आणि पकड घेते. लेन 60 फुटांची, त्यात पहिल्या साधारण 40 फुटांवर तेल. म्हणून ही पकड मोलाची. जोरात टाकणाऱ्या पण कमी फिरवणाऱ्या खेळाडूला हा लेआउट मानवतो, एरवी त्याचा चेंडू वळायच्या आतच पिनांवर पोचतो. हळू टाकून खूप फिरवणाऱ्याने मात्र ठिपका पाचेक इंचांवर न्यावा, नाहीतर चेंडू लवकर वळून जोर घालवून बसतो.

ऑस्ट्रेलियाचा बोलिंगपटू जेसन बेलमॉन्टे दोन्ही हातांनी टाकतो, अंगठा आत घालतच नाही. त्याचा लेआउट उतरवून घेऊन तुमचा खेळ सुधारणार नाही.

पूर्वी चूक सावरायला एक जादा भोक पाडता येई. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने 1 ऑगस्ट 2020 पासून आपल्या स्पर्धांत ते बंद केलं. तेव्हा पहिल्याच भोकांत हिशेब जमायला हवा. तुमची फेक न पाहता जो ड्रिल हातात घेईल, त्याला चेंडू देऊ नका.