उजीचा सावलीतला चहा

जपानमधलं उजी हे छोटं शहर क्योतोच्या दक्षिणेला, उजी नदीकाठी आहे.

श्रोतेहो, इथे 13व्या शतकापासून चहा पिकतो.
पण उजीच्या चहाची खरी किमया आहे, ती सावलीची.

वसंतात झुडपांना कोवळी पालवी फुटते.
मग खुडणीआधी साधारण 3 आठवडे मळ्यावर आच्छादन घालतात.
पूर्वी मांडव उभारून त्यावर बोरूच्या चटया टाकत.
चटयांवर भाताचा पेंढा पसरत.
आता बहुतेक मळ्यांत काळं जाळीदार कापड दिसतं.

एवढा खटाटोप कशासाठी?
पानात थिॲनिन नावाचं द्रव्य असतं.
चहाची गोडसर, भरीव चव त्याचीच.
उन्हात या द्रव्यापासून तुरट द्रव्यं तयार होतात.
सावलीत ते टिकून राहतं.
म्हणजे, श्रोतेहो, सावली मिळाली की तुरटपणा कमी होतो.

खुडलेली पानं लगेच वाफवतात.
त्यामुळे हिरवा रंग टिकतो.
माच्चा, म्हणजे चहाची पूड, करण्यासाठी ती न वळता वाळवतात.
शिरा आणि देठ वेगळे काढतात.
उरलेलं पान दगडी जात्यात दळतात, तेही अगदी सावकाश.
घाई केली, तर पूड तापते आणि सुवास उडतो.
तासाभरात एका जात्यातून जेमतेम मूठभर पूड निघते!

सावलीतल्याच पानांचा दुसरा चहा म्हणजे ग्योकुरो.
याची पानं मात्र वळतात.
हा चहा उकळत्या पाण्यात करत नाहीत.
कोमट पाण्यात तो मुरू देतात,
आणि लहानशा पेल्यातून घोट घोट पितात.