संघ कोणाचा?

१३ एप्रिल २००८ रोजी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिअ‍ॅटल शहरात बास्केटबॉलचा एक सामना झाला. यजमान संघाचे नाव सुपरसॉनिक्स. गावकरी लाडाने त्याला सॉनिक्स म्हणत. त्यांनी डॅलसच्या संघाचा ९९ विरुद्ध ९५ गुणांनी पराभव केला. एरवी त्या हंगामाची त्यांची कहाणी मोठी केविलवाणी होती. हंगामअखेर हिशेब मांडला तेव्हा वीस विजय आणि बासष्ट पराभव पदरी पडलेले होते. अशा संघाला प्रेक्षकांनी शिव्याशाप द्यावेत हे साहजिक. पण त्या दिवशी सारे क्रीडागृह 'आमचा संघ वाचवा' असा घोष करीत होते. कोणापासून वाचवा? तर त्या संघाच्या मालकापासून! प्रतिस्पर्ध्याची भीती त्यांना उरलीच नव्हती.

या विलक्षण घोषामागची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

हा संघ १९६७ साली जन्मास आला. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची जी मुख्य संघटना, तिचे सभासदत्व त्या वेळी साडेसतरा लाख डॉलर मोजून मिळाले. विमाने बांधणारी बोइंग कंपनी ही सिअ‍ॅटलची अन्नदाती. ध्वनीहून वेगवान असे प्रवासी विमान बांधण्याचे काम नुकतेच तिच्याकडे आले होते, म्हणून संघाचे नावही तेच पडले. पुढे १९७१ साली अमेरिकन काँग्रेसने पैसा थांबविला आणि ते विमान कधीच आकाशात गेले नाही. नाव मात्र खेळाडूंच्या छातीवर राहून गेले. १९७९ साली या संघाने वॉशिंग्टनच्या संघाला हरवून अजिंक्यपद मिळविले. १९९६ साली ते पुन्हा अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि शिकागोकडून हरले. चाळीस वर्षांत एकच अजिंक्यपद, म्हणजे डोळे दिपविणारे यश नव्हे. पण बाप लेकाला घेऊन सामन्याला जाई, आणि तो लेक मोठा होऊन आपल्या मुलीला घेऊन जाई. अशाने संघ गावाच्या अंगवळणी पडतो.

तथापि कागदोपत्री हा संघ गावाचा कधीच नव्हता. तो खासगी मालमत्ता होता. घर किंवा गिरणी विकावी तसा विकता येणारा. २००१ साली तो वीस कोटी डॉलरांना हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या मंडळींनी घेतला. स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या जगभर पसरलेल्या साखळीचे ते त्या वेळी प्रमुख होते, आणि सिअ‍ॅटलचेच रहिवासी. आता घरचा मालक मिळाला म्हणून लोकांना हायसे वाटले. पण पाच वर्षांतच क्रीडागृह अपुरे पडते, उत्पन्न भागत नाही, सरकारने पैसा द्यावा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. ती मान्य होत नाही असे दिसताच जुलै २००६ मध्ये त्यांनी संघ विकून टाकला. गिऱ्हाईक होते ओक्लाहोमा सिटीचे धनिक क्ले बेनेट व त्यांचे भागीदार, आणि किंमत पस्तीस कोटी डॉलर.

ओक्लाहोमा सिटी सिअ‍ॅटलपासून सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर. २००५ च्या कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथला बास्केटबॉल संघ दोन हंगाम या गावी आश्रयाला आला होता. गावाने त्याला डोक्यावर घेतले आणि आपल्यालाही स्वतःचा संघ हवा, ही ओढ तिथे निर्माण झाली. अशा गावच्या माणसाने सिअ‍ॅटलचा संघ का घेतला असावा, हे समजण्यास ज्योतिषी नको होता. विक्रीच्या करारात मात्र असे कलम होते की, नव्या मालकांनी वर्षभर प्रामाणिकपणे प्रयत्न करून सिअ‍ॅटलच्या परिसरातच नवे क्रीडागृह मिळवावे. बेनेट यांनी रेंटन या उपनगरात पन्नास कोटी डॉलरांचे क्रीडागृह सुचविले, आणि त्याचा बहुतेक भार सार्वजनिक पैशाने उचलावा असे म्हटले. राज्याच्या विधिमंडळाने ते नाकारले.

इथे सिअ‍ॅटलच्या नागरिकांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढे पुष्कळांनी त्यांनाच दोष दिला. त्या गावाने क्रीडागृहांवर थोडाथोडका पैसा ओतलेला नव्हता. किंगडोम नावाचे प्रचंड क्रीडागार २००० साली सुरुंग लावून पाडले, तेव्हा त्याचे कर्जसुद्धा फिटलेले नव्हते! बेसबॉलसाठी एक आणि फुटबॉलसाठी एक अशी दोन नवी मैदाने करांच्या पैशातून उभी राहिली. सॉनिक्स ज्या क्रीडागृहात खेळत, ते मुळात १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले. त्याचाही कायापालट १९९५ मध्ये सार्वजनिक खर्चाने झाला. त्यानंतर पुरी बारा वर्षेही लोटत नाहीत तोच 'हे जुने झाले' असे मालक म्हणू लागले. नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी कौल दिला की, शहराला रास्त परतावा मिळणार नसेल तर खेळाच्या धंद्याला सरकारी मदत देऊ नये. चारांतील जवळजवळ तिघांनी या बाजूने मत दिले. मला हा कौल शहाणपणाचा वाटतो. पण त्याच मतदारांत सॉनिक्सवर जीव टाकणारेही हजारो होते, आणि त्यांना आपल्या शहाणपणाची किंमत लवकरच मोजावी लागली.

ऑगस्ट २००७ मध्ये बेनेट यांचे भागीदार ऑब्री मॅक्लेंडन एका वृत्तपत्राजवळ बोलून गेले की, आम्ही हा संघ सिअ‍ॅटलमध्ये ठेवण्यासाठी घेतलाच नव्हता. संघटनेने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. खोटे बोलल्याबद्दल दंड झाल्याचे आपण ऐकतो. इथे मनातले बोलल्याबद्दल झाला! पुढे खटल्याच्या निमित्ताने भागीदारांची खासगी पत्रेही उघड झाली. पुढचा हंगाम ओक्लाहोमात खेळता येईल का, अशी विचारणा एकाने केली होती. त्यावर बेनेट यांनी उत्तर दिले होते की, मी अगदी झपाटलेला आहे, शक्य ते सारे करीन. सिअ‍ॅटलमध्ये राहण्यासाठी झपाटलो होतो असा माझ्या शब्दांचा अर्थ होता, असे त्यांनी मागाहून सांगितले. तो किती जणांना पटला असेल, हे आपणच ठरवावे.

१८ एप्रिल २००८ रोजी संघटनेच्या मालकमंडळाने स्थलांतराला अठ्ठावीस विरुद्ध दोन मतांनी संमती दिली. विरोध करणारे दोघे म्हणजे डॅलसचे मार्क क्यूबन आणि पोर्टलंडचे पॉल अ‍ॅलन. योगायोग असा की, आपल्याकडे बंगळूरला आयपीएलचा पहिला सामना झाला तो याच तारखेला. संघाला मालक असतो आणि तो लिलावात बोली लावून संघ घेतो, ही गोष्ट आपल्या क्रिकेटरसिकांना त्या सुमारास प्रथम उमगत होती.

आता एकच अडसर राहिला. क्रीडागृहाचा भाडेकरार २०१० पर्यंत होता, आणि तो पाळावा म्हणून शहराने न्यायालयात धाव घेतली. जून २००८ मध्ये सहा दिवस सुनावणी झाली. ही सुनावणी मला साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद वाटते. संघांचे मालक सरकारकडे पैसा मागायला येतात तेव्हा छातीठोकपणे सांगतात की, आमच्यामुळे गावात व्यापार वाढतो, रोजगार वाढतो. इथे त्याच मालकांच्या वकिलांनी मांडले की, सॉनिक्स गेल्याने शहराचे काडीचेही आर्थिक नुकसान होणार नाही. लोक तोच पैसा दुसऱ्या करमणुकीवर खर्च करतील! अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच असावे. मग शहराने आपले नुकसान सिद्ध कसे करावे? त्याने शर्मन अलेक्सी या लेखकाला साक्षीस उभे केले. अलेक्सी मूळ अमेरिकन आदिवासी जमातीतले, गाजलेले कादंबरीकार आणि सॉनिक्सचे हंगामी तिकीटधारक. संघ गेला तर आपल्या आयुष्यातून काय जाईल, हे त्यांनी शपथेवर सांगितले. प्रेमाची भरपाई किती, हा प्रश्न न्यायासनापुढे असा उघडपणे क्वचितच आला असेल.

त्याचे उत्तर मिळाले नाही. २ जुलै रोजी निकाल अवघ्या काही तासांवर आला असताना उभय पक्षांनी तडजोड केली. मालकांनी शहराला साडेचार कोटी डॉलर द्यावेत आणि तत्काळ संघ न्यावा. सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिअ‍ॅटलसाठी राखून ठेवावा. नाव राहिले, रंग राहिले, माणसे गेली. ओक्लाहोमात संघाचे नाव थंडर असे ठेवले गेले. नाव न बदलता गेलेले संघही अमेरिकेत आहेत. लॉस एंजेलिसचा लेकर्स हा संघ १९६० साली मिनियापोलिसहून आला. 'लेकर्स' हे नाव मिनेसोटातील तळ्यांवरून पडलेले, आणि लॉस एंजेलिसमध्ये तशी तळी शोधून सापडायची नाहीत.

या व्यवहारातील एक गोष्ट मात्र वेगळी घडली. सॉनिक्सबरोबर स्टॉर्म हा स्त्रियांचा संघही बेनेट यांच्याकडे गेला होता. सिअ‍ॅटलच्याच काही स्त्रियांनी एकत्र येऊन २००८ च्या आरंभी तो सुमारे एक कोटी डॉलरांना विकत घेतला. तो गावातच राहिला आणि २०१०, २०१८ व २०२० या साली त्याने अजिंक्यपदेही मिळविली. गाजावाजा न करता झालेल्या या कामाची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असे मला वाटते.

येथवर सिअ‍ॅटलचे लोक केवळ अन्याय सोसणारे दिसतात. पण २०१३ साली त्यांच्यातल्याच श्रीमंतांनी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ विकत घेऊन आपल्या गावी आणण्याचा घाट घातला. विकावयास मालूफ कुटुंब तयार होते. या मालकांवर सॅक्रामेंटोचे प्रेक्षक आधीच कमालीचे चिडलेले. काल जो घाव आपल्यावर झाला, तोच आज दुसऱ्यावर घालावा काय, हा प्रश्न सिअ‍ॅटलमधील अनेक चाहत्यांनाही छळत होता. बाकीच्यांची समजूत सरळ होती : संघटनेत संघ फक्त तीस, मोकळी जागा नाही, मग आपल्याला हवा असलेला संघ दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणातूनच यावयाचा. ही टंचाई मालकांच्या फार कामाची असते. दारात गिऱ्हाईक उभे आहे एवढे दाखविले, की गावाची थैली सैल होते.

स्थलांतराचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते ते क्ले बेनेट! समितीने आणि नंतर मालकमंडळाने बावीस विरुद्ध आठ मतांनी सिअ‍ॅटलची मागणी फेटाळली. सॅक्रामेंटोचा संघ जागीच राहिला, आणि तो ज्यांच्या मंडळाने घेतला ते विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेले. संघाची किंमत धरली होती त्रेपन्न कोटी चाळीस लाख डॉलर. नगरीनेही नव्या क्रीडागृहासाठी पंचवीस कोटींहून अधिक सार्वजनिक पैशाचा वाटा उचलला. म्हणजे सिअ‍ॅटलने जे नाकारले ते सॅक्रामेंटोने मान्य केले. २०१९ च्या ऑक्टोबरात हाच संघ मुंबईत वरळीला येऊन इंडियानाच्या संघाशी दोन सामने खेळला, तेव्हा भारतात प्रथमच या संघटनेचे सामने झाले.

रणदिवे हे नाव ऐकून आपल्या मराठी मनाला थोडा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सॅक्रामेंटोच्या प्रेक्षकांनी त्यांच्यावर सदैव फुलेच उधळली असे समजू नये. आरंभीच्या वर्षांत प्रशिक्षकामागून प्रशिक्षक बदलले. २०१८ साली लुका डॉन्सिक हाताशी असताना दुसराच खेळाडू निवडला गेला. २००६ नंतर हा संघ बाद फेरीत पुन्हा आला तो २०२३ साली. मध्ये सोळा हंगाम कोरडे गेले, आणि त्यांतले बरेचसे याच कारकिर्दीतले. ज्याने संघ गावात राखला त्याच्यावरच रागावण्याचा हक्क प्रेक्षकांनी सोडला नाही, आणि तिकीट काढणाऱ्याने तो का सोडावा?

तिकडे ओक्लाहोमाच्या संघाने २०२५ साली अजिंक्यपद पटकावले. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, तिथल्या मतदारांनी किमान नव्वद कोटी डॉलरांच्या नव्या क्रीडागृहासाठी विक्रीकर मान्य केला. मालकांनी त्यात घालावयाचे पाच कोटी.

सिअ‍ॅटलच्या त्या जुन्या क्रीडागृहाचा पुढे खासगी पैशाने पुरा जीर्णोद्धार झाला आणि २०२१ मध्ये ते नव्या नावाने उघडले. जुने छप्पर तेवढे जसेच्या तसे ठेवले आहे. काम सुरू होण्यापूर्वी, ५ ऑक्टोबर २०१८ रोजी, तिथे बास्केटबॉलचा एक सराव-सामना ठेवला होता. गोल्डन स्टेटविरुद्ध खेळावयास सॅक्रामेंटोचाच संघ आला होता. गोल्डन स्टेटकडून केव्हिन ड्युरँट खेळत होता. २००८ च्या त्या शेवटच्या सामन्यात एकोणीस वर्षांचा असलेला हा खेळाडू आता जगद्विख्यात झाला होता. सामन्यापूर्वी तो प्रेक्षकांशी बोलावयास पुढे आला तेव्हा त्याच्या अंगात सॉनिक्सचा जुना सदरा होता, नव्वदच्या दशकातील त्यांचा लाडका खेळाडू शॉन केम्प याच्या नावाचा. दहा वर्षे संघ नसलेले ते गाव उभे राहिले, आणि बराच वेळ त्याला बोलू देईना.