घशातील नमुना आणि हातातील कौशल्य



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. नाकातील व घशातील स्राव काडीवर घ्यायचा, काडी नळीत टाकायची आणि नळी प्रयोगशाळेकडे धाडायची. यात एवढे बोलण्यासारखे काय आहे? आम्हालाही एकेकाळी असेच वाटे. आमच्यापैकी कुणाची हयात प्रयोगशाळेत गेली, कुणाची वॉर्डात. तरीही हे काम किती अवघड आहे आणि ते नीट येते की नाही हे तपासणे किती गरजेचे आहे, याची खरी जाणीव आम्हाला कोरोनाच्या साथीने करून दिली.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला जागतिक महामारी म्हटले आणि दोन आठवड्यांच्या आत देशभर टाळेबंदी झाली. सुरुवातीला कोल्हापूर जिल्ह्यातील नमुने मिरज-पुण्याकडे पाठवावे लागत. पुढे २०२० च्या उन्हाळ्यात शेंडा पार्कात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची तपासणी प्रयोगशाळा सुरू झाली आणि मोठी सोय झाली. यंत्रे आली, रसायने आली. परंतु यंत्रापुढे नमुना ठेवणारा हात कुठून आणायचा? एरवी हे काम मोजकेच लोक करीत. आता एकाएकी शेकडो हात हवे झाले. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचारिका, दंतवैद्य, उपकेंद्रावरील आरोग्य अधिकारी, नुकतेच शिक्षण संपवून आलेले कंत्राटी तरुण, अशा सर्वांना हाताशी धरावे लागले. त्यांनी जिवावर उदार होऊन काम केले, हे आम्ही प्रथमच कृतज्ञतेने नमूद करतो. उन्हाळ्यात पीपीई किट घालून तासन् तास उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

तथापि कष्ट ही एक गोष्ट आणि कौशल्य ही दुसरी. एका केंद्रावरील प्रसंग आम्ही जवळून पाहिला. नमुना घेणारा मुलगा कष्टाळू होता, पण त्याचे प्रशिक्षण म्हणजे मोबाईलवर पाहिलेली एक चित्रफीत. एका वृद्ध बाईंच्या नाकात त्याने काडी जेमतेम बोटाच्या पेराएवढी घातली, फिरवली न फिरवली आणि काढून घेतली. बाईही सुटल्यासारख्या झाल्या. अहवाल 'निगेटिव्ह' आला. त्या घरी गेल्या, एकाच खोलीत सून-नातवंडांसह राहिल्या. दोन दिवसांनी दम लागला, पुन्हा तपासणी झाली आणि ती 'पॉझिटिव्ह' आली. पहिला नमुनाच चुकला होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आजाराच्या आरंभी विषाणू कमी असल्यानेही तसे होऊ शकते. पण नमुना बरोबर घेतला होता, असेही कुणी सांगू शकत नव्हते, कारण त्या मुलाचा हात कुणी कधी तपासलाच नव्हता. आमची खंत हीच आहे.

आता काम कसे होते ते पाहू. नाकाचा शेंडा वर दिसतो म्हणून नाकाची वाटही वर जाते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती टाळूला समांतर, सरळ मागे जाते. नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढी काडी आत जावी लागते, आणि मागच्या भिंतीला टेकल्याचा हलका अडथळा हाताला जाणवावा लागतो. तिथे काडी हळुवार फिरवायची, स्राव शोषला जाण्यासाठी काही सेकंद थांबायचे आणि मग फिरवतच बाहेर काढायची. काडी वरच्या दिशेने रेटली तर नाकातील हाडांवर आपटते, रक्त येते, रुग्ण कळवळतो आणि नमुनाही योग्य जागेचा मिळत नाही. मध्येच अडथळा आला तर जोर न करता दुसऱ्या नाकपुडीतून प्रयत्न करावा. घशाचा नमुना घेताना जीभ दाबून काडी घशाच्या मागील भिंतीवर व टॉन्सिलच्या भागावर फिरवायची. जिभेला, गालाला, दातांना ती लागू द्यायची नाही.

काडीही कोणतीही चालत नाही. लाकडी दांडीची किंवा कॅल्शियम अल्जिनेटची काडी पुढील तपासणीत अडथळा आणते, म्हणून कृत्रिम धाग्याची, प्लॅस्टिकच्या दांडीची काडी वापरतात. ती विषाणू टिकवणाऱ्या द्रावाच्या नळीत टाकून खुणेवर मोडायची, झाकण घट्ट लावायचे, नाव-क्रमांकाची चिठ्ठी झाकणावर न लावता नळीवर लावायची आणि नळी तिहेरी आवरणात, २ ते ८ अंश तापमानात प्रयोगशाळेकडे पाठवायची. यातील एक पायरी चुकली की पुढील लाखो रुपयांचे यंत्रही हतबल होते. यंत्र आलेला नमुना तपासते. जो नमुना आलाच नाही, त्याबद्दल ते काय सांगणार?

म्हणूनच कौशल्याचे मूल्यमापन हवे. ते कसे करावे? १९९० साली जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यक-शिक्षणतज्ज्ञाने चार पायऱ्या मांडल्या. माणसाला माहिती आहे, कसे करायचे ते सांगता येते, करून दाखवता येते, आणि रोजच्या कामात तो तसेच करतो. आपल्याकडे बहुतेक परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. लेखी उत्तरात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्याचा हात थरथरू शकतो, आणि लेखीत मागे पडलेल्या एखाद्या परिचारिकेचा हात सराईत असू शकतो. 'मला येते' हा आत्मविश्वास म्हणजे कौशल्याचा पुरावा नव्हे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली जी परीक्षापद्धती मांडली, तिच्यात विद्यार्थ्याला एकेका ठिकाणी एकेक काम करून दाखवावे लागते आणि परीक्षक आधीच ठरवलेल्या यादीप्रमाणे गुण देतो. त्यामुळे ओळखीपाळखीला किंवा परीक्षकाच्या लहरीला फारसा वाव राहत नाही.

याच धर्तीवर आम्ही आमच्यापुरती एक यादी केली. रुग्णाचे नाव विचारून अर्जाशी ताडून पाहिले का? काय करणार ते सांगून संमती घेतली का? नाकाची शस्त्रक्रिया, वारंवार रक्त येणे, रक्त पातळ करणारी औषधे यांची चौकशी केली का? काडीची दिशा, खोली, फिरवणे, थांबणे बरोबर होते का? नळी, चिठ्ठी, हातांची स्वच्छता, किट उतरवण्याचा क्रम नीट झाला का? यातील काही पायऱ्या अशा ठरवल्या की त्या चुकल्यास बाकी सर्व बरोबर असूनही पुन्हा सराव करावा लागेल. दोन परीक्षक वेगवेगळे बसून गुण देतील आणि तफावत आली तर आपसांत चर्चा करतील, असाही नियम ठेवला. आधी पुतळ्यावर, मग देखरेखीखाली माणसावर, असा क्रम ठेवला.

सरावाच्या वेळी आमच्यातील एक निवृत्त परिचारिका, ज्यांना सर्वजण आक्का म्हणतात, स्वतः खुर्चीवर बसल्या. समोरच्या विद्यार्थ्याने काडी वर नेताच त्या म्हणाल्या, "आरं बाळा, वर कुठं चाललास? सरळ आत घे की." त्याने घाबरून विचारले, "आक्का, दुखतंय का ओ?" त्या म्हणाल्या, "डोळ्यांत पाणी येणारच. पण हे तू काडी घालायच्या आदी सांगायचं हुतंस." त्या एका वाक्याने आमच्या यादीत एका कलमाची भर पडली.

हाताबरोबर नमुनाही तपासता येतो. आरटी-पीसीआर तपासणीत विषाणूबरोबरच मानवी जनुकही शोधले जाते. ते सापडले नाही तर काडीवर माणसाच्या पेशीच पुरेशा आल्या नाहीत, किंवा तपासणीतच काही बिघडले, असे समजून नमुना पुन्हा मागवता येतो. मात्र ते सापडले म्हणून जागा बरोबर होती असे सिद्ध होत नाही, कारण मानवी पेशी गालातूनही येतात. म्हणून प्रयोगशाळेचा निकाल आणि प्रत्यक्ष निरीक्षण दोन्ही हवीत. तसेच एकदा उत्तीर्ण झाला म्हणजे कायमचा झाला असेही नाही. सराव सुटला की हात विसरतो. काही महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मूल्यमापन म्हणजे शिक्षेचे हत्यार नव्हे. त्याच्या नावाखाली कंत्राटी कर्मचाऱ्याला कमी करणे, सर्वांदेखत त्याचा पाणउतारा करणे, हा अन्याय आहे. ज्याला शिकवलेच नाही त्याची चूक काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. चूक एकांतात सांगावी, लगेच दुरुस्त करून घ्यावी, आणि जो उत्तीर्ण झाला त्याच्या हाती तसे प्रमाणपत्र द्यावे. साथ ओसरल्यावर अनेक कंत्राटी कर्मचाऱ्यांचे काम संपले. त्यांनी शिकलेल्या कौशल्याची नोंद असलेला कागद किती जणांकडे होता? आपल्या समाजातील मुले-मुली या कामांत मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

बंधू-भगिनींनो, हा विचार आपल्याला परका नाही. भगवान बुद्धांनी आजारी भिक्षूची स्वतः शुश्रूषा केल्याची कथा विनयपिटकातील महावग्गात आहे. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-वांतीची किळस करू नये, आणि रुग्णाच्या मनाला उभारी द्यावी. पहा, यात करुणा आहेच, पण पहिला गुण कौशल्याचा आहे. नुसत्या दयेने औषध तयार होत नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता प्राण ठेवला. त्यांच्या त्यागाचे स्मरण करताना आजच्या सेवकाला पुरेसे प्रशिक्षण व संरक्षण देणे हे आपले कर्तव्य ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, पुढची साथ कोणती आणि केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. पण २००९ चा स्वाइन फ्लू असो, घटसर्प असो की कोरोना, नाका-घशातील नमुना घेणारा हात प्रत्येक वेळी लागलाच. तुमच्यापैकी जे परिचर्येचे किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी आपल्या शिक्षकांकडे आग्रह धरावा की 'आमचा हात पाहा, चुकत असेल तर सांगा.' आपली परीक्षा आपणच मागून घेणे यात कमीपणा नाही. ज्या रुग्णाला आपण पुन्हा कधी भेटणारही नाही, त्याच्या घरातील खोलीभर माणसे आपल्या हातातील काडीवर विसंबून असतात, एवढे ध्यानात ठेवा.