इरकली पदराचा सांधा



मराठी घरांत ज्याला ‘इरकल’ म्हणतात, ते लुगडे विणले जाते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, इळकल या गावी. विणणारे हात कन्नड, नेसणाऱ्या पुष्कळ स्त्रिया मराठी. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या लुगड्याचे मर्म त्याच्या सांध्यात आहे. अंगाचा ताणा बहुधा सुती, पदराचा मात्र रेशमी. हे दोन ताणे फाशांनी एकमेकांत अडकवून जोडले जातात. या रीतीला तेथे ‘टोपे तेनी’ म्हणतात. त्यामुळे एका ताण्यावर एकच लुगडे निघते. ते ६ वारी असो, ८ वा ९ वारी, पुढच्या लुगड्यासाठी सारी जुळणी पुन्हा आलीच. तांबड्या रेशमी पदरावरील पांढरी नक्षी ही त्याची खूण.

यंत्रमागाला हा खोळंबा परवडत नाही. तो सांधा वगळून लांब ताण्यावर एकामागून एक साड्या काढतो. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. मग स्वस्त ती आधी खपते आणि हातमागाचे मोल घटते. बापाच्या मागावर मुलाने का बसावे, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

कारागिराचे गोडवे सभांतून पुष्कळ गायिले जातात. त्याला हवे असते ते पारखी गिऱ्हाईक. दुकानात पदर उलटून सांधा पाहणारी एक गृहिणी त्याला सत्काराच्या शालीहून अधिक उपयोगी पडते. घरोघरच्या पेटीतील जुन्या लुगड्यांच्या काठांची नावे आज आजीकडून लिहून घेतली, तरच ही पारख उद्या उरेल. हे काम ग्रंथालयाचेच आहे.